पुढे सस्पेन्शन, मागे काहीच नाही

रविवार, ४ जानेवारी. सकाळ.

तारीख फोनच टाकतो. मी बटण दाबून नुसती बोलते, तो लिहून घेतो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, त्यामुळे खोडाखोड नाही. शिकलेल्यांना हे सुख नाही.

मैत्री पडली. मैत्री म्हणजे माझी नात, संतोषची मुलगी. हिंजवडीला कंप्युटरवर काम करते. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये बसून कंबर आखडते, म्हणून ऑफिसातल्या राकेशची सायकल घेऊन कात्रजच्या मागच्या टेकडीवर गेली. सायकलीनं आधी हिला टाकलं, मग स्वतः वर पडली. गुडघ्याला टाके. ही हसत हसत सांगत होती. मी मुळीच घाबरले नाही. चहात मीठ पडलं ते डबे सारखे दिसतात म्हणून.

आता तिला स्वतःची सायकल घ्यायचीय. तीही टेकडीवरच चालवायला. ट्रेल म्हणतात म्हणे. ट्रेल म्हणजे काय विचारलं, तर म्हणाली, आज्जी, पायवाट. मी म्हटलं, पायवाट पायांसाठी असते हे नावातच आहे. तर म्हणाली, मग पेडल काय हातानं मारतात का. जीभ माझ्यावर गेलीय.

शेवटी तिनं शब्द दिला की आज्जी हो म्हणाल्याशिवाय सायकल घ्यायची नाही. संतोष म्हणाला, चला, म्हणजे सायकलचा विषय संपला. स्वतःच्या आईवर विश्वास नाही. उभी हयात मार्केट यार्डातून माल उचलून भाजी विकली मी. कांदा आतून सडलाय का ते बाहेरून सांगते. सायकल तर आरपार दिसते.

संकल्प: पोरीला पाडणार नाही अशी सायकल निवडायची. मीच.

सोमवार, ५ जानेवारी.

मैत्रीनं मोबाइलवर सायकली दाखवल्या. तिला हार्डटेल हवीय. हार्ड म्हणजे कडक, टेल म्हणजे शेपूट. मी म्हटलं, शेपूट कडक झालेलं जनावर चावायच्या बेतात असतं. ती म्हणाली, नव्या माणसाला हीच बरी, हलकी असते, भानगडी कमी. चित्रात तर भानगडीच दिसत होत्या. घंटी तेवढी दिसली नाही.

काळजी वगैरे नाही. आज तिला ऑफिसात चारदा फोन केला तो सहज.

शनिवार, १० जानेवारी. दुपार.

सातारा रोडवरच्या मोठ्या दुकानात गेलो. मी आणि मैत्री. मालकाचं नाव आमोद. गोरा, नाकावर चष्मा, गिऱ्हाईक आलं की त्याची झोपमोड होते असा चेहरा.

सगळ्या सायकलींची चाकं दाबून पाहिली. टोमॅटो बघतात तशी. आमोद म्हणाले, आजी, हात लावू नये अशी पाटी आहे. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. ते म्हणाले, वाचता येणारेही लावतातच, चालू द्या आपलं.

मग एक काळी सायकल पुढे आणली आणि शांतपणे म्हणाले, हिला पुढे सस्पेन्शन आहे.

मी सायकलवरचा हात काढून घेतला.

फोनला म्हणून सांगते. आमचे हे, सुखदेवराव, सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबानं घोळ घातला आणि सस्पेन्शन झालं यांचं. कितीतरी महिने हा माणूस इस्त्रीचे कपडे घालून सकाळी तयार व्हायचा आणि खुर्चीवर बसून राहायचा. पुढे निर्दोष ठरले, परत रुजू झाले. पण तो शब्द आमच्या घरात निघत नाही. संतोष लहानपणी शिव्या द्यायचा त्या चालायच्या. हा शब्द नाही. मैत्रीला तर यातलं काहीच माहीत नाही.

आणि हा भला माणूस ती गोष्ट कौतुकानं सांगतोय. मी विचारलं, मागे? तर म्हणे, मागे काहीच नाही, म्हणून तर हार्डटेल. म्हणजे अर्धी सायकल कामावर, अर्धी घरी.

मी विचारलं, अजिबात सस्पेन्शन न झालेली नाही का? म्हणाले, आहे, पण ती रस्त्यावर चालवायची, टेकडीवर नाही. दोन्हीकडे सस्पेन्शनवालीही आहे, पण ती फारच महाग. लोक काय काय पैसे देऊन घेतात.

मी नको म्हटलं. कारण विचारलं तेव्हा कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, असं सांगितलं. खरं कारण चारचौघांत काढायचं नसतं.

रविवार, ११ जानेवारी.

संतोषनं विचारलं, एवढी चांगली सायकल, काय वाईट होतं तिच्यात? मी म्हटलं, सीट उलथन्यासारखी आहे. तो म्हणाला, आई, त्यावर तुला बसायचंय का.

मैत्रीनं सांगितलं की सव्वीस तारखेच्या सुट्टीला तिच्या ग्रुपनं टेकडीवर जायचं ठरवलंय. तोवर निवड आज्जी. मी म्हटलं, घाईत घेतलेली भेंडी जून निघते. ती म्हणाली, सायकलला भेंडी म्हणणारी तू पहिलीच.

गुडघा दाखवला. टाके काढले. मी बघितला नाही. म्हणजे एकदाच बघितला.

शनिवार, १७ जानेवारी. संध्याकाळ.

आज संतोषही आला. आमोदरावांनी दुसरी काढली. आधीपेक्षा भारी, म्हणाले. ब्रेक चांगले, चाक रुंद. मी निम्मी मान हलवलीसुद्धा. तेवढ्यात म्हणाले, आणि हिच्या सस्पेन्शनला लॉकआऊट आहे.

संतोषचं लग्न ठरत होतं तेव्हा त्याच्या कंपनीत लॉकआऊट झालं. गेटला कुलूप, बाहेर पोलीस, आणि इकडे सोयरीक जुळवायला पाहुणे बसलेले. एका घरात दोन्ही बघितलेली बाई मी. मला हा माणूस सांगतो, लॉकआऊटचे वेगळे पैसे नाहीत, यातच येतं.

आणि संतोष मान डोलावतोय. चांगलं आहे आई, म्हणाला. ज्याच्या तोंडावर कुलूप लावलं तो हा मुलगा. वय झालं त्याचं.

मी नको म्हटलं. कारण रंग. मैत्रीनं विचारलं, मग लाल? लालही नको. निळी? निळ्यावर मात्र मला बोलता येईना, आमच्या घरात निळ्याला नको कोण म्हणेल. म्हटलं, निळी चांगली आहे, पण ही नको.

आमोदराव म्हणाले, आजी, आपल्याला नक्की सायकलच हवीय ना?

येताना बसमध्ये मैत्री खिडकीतून बाहेर बघत बसली. रुसलीस का विचारलं. नाही म्हणाली. मला रुसलेली माणसं ओळखता येतात. ती नाही म्हणतात.

रविवार, १८ जानेवारी.

मार्ग निघाला. माझाच.

शेजारच्या कुसुमताईंची सायकल जिन्याखाली पडून असते. पुढे बास्केट, मागे कॅरिअर, स्टँड, घंटी, साडी अडकू नये म्हणून जाळीसुद्धा. मी खाली वाकून सगळीकडून बघितली. सस्पेन्शन नाही, लॉकआऊट नाही. निष्कलंक सायकल. हवा भरून घेतली आणि मैत्रीला म्हटलं, ही नेऊन बघ टेकडीवर. चालली तर अशीच नवी घेऊ.

तिनं घंटी एकदा वाजवून बघितली. मग म्हणाली, आज्जी, शब्द दिलाय म्हणून जाते हं.

तीच तारीख, संध्याकाळ.

आली. चालत. सायकल हातात, बास्केट नाही. बास्केट दरीकडे गेलं म्हणाली. चहाचा कप हातात दिला तर बशीवर कडकड वाजत राहिला. म्हणाली, आज्जी, प्रत्येक दगड मनगटातून दातात गेला. दोनदा हँडल हातून सुटलं. पुढे सस्पेन्शन हवंच गं.

दोनदा सुटलं. हे तिनं सहज सांगितलं.

कुसुमताईंना म्हटलं, बास्केट जुनंच होतं. त्या म्हणाल्या, हो, माझ्या लग्नातलं.

संकल्प: त्या आमोदला एकदा सरळ विचारायचं.

शनिवार, २४ जानेवारी.

विचारलं. दुकानात गिऱ्हाइकं होती तरी विचारलं. म्हटलं, खरं सांगा, हिचं सस्पेन्शन कुणी केलं आणि कशासाठी?

आमोदरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, आजी, कुणीही केलेलं नाही. सायकल रुजू आहे. चौकशीही नाही.

मग पुढचा ब्रेक दाबून मला हँडलवर जोर द्यायला सांगितला. दिला. पुढचे दोन दांडे खाली गेले आणि वर आले. परत दाबलं. परत वर. म्हणाले, धक्का हे खातं, माणसापर्यंत येऊ देत नाही.

मी म्हटलं, अहो, हा तर शॉकअप. रिक्षाला असतो तो. ते म्हणाले, तोच. मी म्हटलं, मग मराठीत सांगायचं ना.

आणि लॉकआऊट म्हणजे एक कळ. चढावर फिरवली की दांडे हलत नाहीत, आपली ताकद वाया जात नाही. उतारावर परत सोडायची. संतोष म्हणाला, आमच्या गेटला अशी कळ असती तर बरं झालं असतं. म्हणजे त्यालाही सगळं आठवत होतं.

मी अजून दाबत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, यांनीही तेच केलं. साहेबाचा धक्का स्वतः खाल्ला, घरापर्यंत येऊ दिला नाही.

मैत्रीनं विचारलं, कुणी गं? मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. संतोष दाराशी जाऊन हवा भरायचा पंप बघत उभा राहिला. त्याला काय पंप घ्यायचा होता का.

साइजवरून थोडं झालं. आमोदराव लहान साइज म्हणाले. मी म्हटलं, एक नंबर मोठीच घ्या, वाढत्या अंगाची. ते म्हणाले, मॅडमचं वय काय? मैत्री म्हणाली, सव्वीस. ते म्हणाले, आजी, आता कुठे वाढणार या? मी विषय मोठ्या मनानं सोडून दिला. पाय दोन्हीकडे टेकतात का तेवढं बघून घेतलं.

मी हो म्हटलं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून दोनदा म्हटलं. निळी घेतली.

घरी आल्यावर मैत्रीला आजोबांचं सगळं सांगितलं. ती सायकलचा पुढचा दांडा फडक्यानं पुसत बसली. नव्या सायकलला कसली धूळ.

सोमवार, २६ जानेवारी.

ग्रुपबरोबर गेली, आली. ओरखडासुद्धा नाही. मी पायापासून डोक्यापर्यंत बघितली.

खाली बाकावर सगळ्यांना समजावून सांगितलं. पुढे शॉकअप हवा, मागे नको, पाय टेकले पाहिजेत. कुणाला घ्यायची असेल तर मला विचारा. अजून कुणी विचारलं नाही. उद्या विचारतील.

संकल्प: काळजी, जी मी करतच नव्हते, ती आता पूर्ण बंद.

रविवार, १ फेब्रुवारी. दुपार.

मैत्री पडली.

टेकडीवर नाही. टेकडी चढली, उतरली, दगडगोट्यांवरून आली, घाटाचा रस्ता ट्रकांमधून आली. काही झालं नाही. पडली ती आमच्या गेटसमोर. सपाट, डांबरी रस्ता.

मी गॅलरीत होते. कपडे बघायला गेले होते, वाळले का. ती कोपऱ्यावरून वळताना दिसली. मी फक्त एवढंच म्हटलं, मैत्रे, सावकाश. जरा मोठ्यानं म्हटलं, चौथ्या मजल्यावरून म्हणायचं तर तसंच म्हणावं लागतं. तिनं दचकून वर बघितलं आणि पुढचं चाक वॉचमनच्या खुर्चीत गेलं. वॉचमन उठलेला होता हे नशीब.

कोपर फुटलं. या वेळी टाके नाहीत. सायकलला काही नाही, शॉकअपनं धक्का खाल्ला.

निवड चांगलीच होती, हे यातून दिसून आलं. मी तसं म्हणालेही. मैत्री कोपरावर बर्फ धरून हसत होती. हसताना दुखत होतं, तरी हसत होती. संतोष हसला नाही. त्यानं गॅलरीच्या दाराला वरची कडी लावली. माझा हात पोहोचत नाही तिथे.

रविवारी सकाळपुरतीच, म्हणाला.