होटगीकरांना मी कशाला हो म्हणालो

६ फेब्रु. १९७८
आजपासून आमच्या टॉवेलच्या कारखान्यात दर सोमवारी डॉक्टर येणार. मालकांनी कामगारांच्या तब्येतीचं मनावर घेतलंय. डॉ. बाई पुण्याकडच्या, वयानं आमच्या लेकीपेक्षा, महानंदापेक्षा, फार मोठ्या नसतील. मागांच्या शेडात पाऊल टाकलं आणि दोन्ही हात कानांवर. मला काहीतरी म्हणाल्या. मी म्हणालो, "व्हय, चहा सांगितलाय." त्यांनी विचारलं होतं, इथं रोज एवढाच आवाज असतो का.
आम्हाला तो आवाज वाटतच नाही. बंद पडला की दचकायला होतं.

१३ फेब्रु.
कानतपासणी. बाई समोर बसून हळूच आकडे म्हणणार, आपण ते परत म्हणायचे. सगळे विणकर पास. बाई खूष. मग त्यांना काय संशय आला कोण जाणे, तोंडापुढं फाईल धरली. झालं. एकेक जण नापास व्हायला लागला. जुना विणकर नरसय्या म्हणाला, "बाई, तोंड दिसंना तर ऐकू कसं येणार?" खरंच आहे. शेडात सगळे ओठ बघूनच बोलतात. त्यात लबाडी कसली?
शेवटी माझी पाळी. जॉबर म्हणजे सगळ्यांचा मुकादम, मागं हटून कसं चालेल? बावीसला बत्तीस म्हणालो. पुढं नुसते अंदाज ठोकले. एकदा "एकोणसाठ" म्हणालो तर बाई फाईल खाली घेऊन म्हणाल्या, "अप्पा, मी अजून काही बोललेच नाही."

१४ फेब्रु.
हुकूम सुटला. प्रत्येकानं व्हॅसलीन लावलेले कापसाचे बोळे कानात घालायचे. जबाबदारी जॉबरवर.
नरसय्या ऐकेना. "धागा तुटला तर माग सांगतो की मला. कान बंद केल्यावर काय त्येचं तोंड बघू?" मी नुसताच ओरडलो, "हुकूम हाय!"
माझे बोळे खिशात.

१९ फेब्रु., रवि.
महा.ला बघायला होटगीचे पाहुणे. घरची पिठाची गिरणी, मुलगा मल्लिनाथ, अंगापिंडानं चांगला. बाप मात्र फार हळू बोलणारा, त्यात मिशी ओठांवर आलेली. काही म्हणजे काही दिसत नाही.
पाहुण्यांनी विचारलं, मुलीला शिवण येतं का. मला ऐकू आलं, शिव्या येतात का. मी म्हणालो, "छे हो, आमच्या घरात कुणी देत नाही. कारखान्यात मी देतो थोड्या, पण घरी आणत नाही."
सौ.नं कपाळाला हात लावला. आतून महा.चं हसू ऐकू आलं म्हणे. मला नाही आलं.
निघताना पाहुण्यांनी मला टांग्यापाशी बाजूला घेतलं. बराच वेळ बोलले. मी मान हलवत होतो. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं, म्हणून म्हणालो, "त्यात काय! चालेल की!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, धूळ गेली असेल.
घरात येतो तर सौ. म्हणाली, "काय म्हणत होते?"
देवा.

२० फेब्रु.
बाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू या. मागांपासून लांब, घडी खात्यात बदली घ्या, मालक तयार आहेत. घडी खात्यात बायका टॉवेलांच्या घड्या घालत गप्पा मारतात. मी तिथं काय करू? गप्पा तरी कळतील का? विचार करतो म्हणालो.
डोक्यात एकच. काल मी कशाला हो म्हणालो?

२२ फेब्रु.
पाहुणे टांग्यापाशी बोलत होते तेव्हा महा. खिडकीत होती. तिनं सगळं ऐकलंय! सांग म्हणालो तर म्हणते, "अप्पा, आधी बोळे घाला. शनिवारपर्यंत रोज. नरसय्याकाकांना विचारीन मी."
पोटची पोर, पण वकिलाच्या वर.

२३ फेब्रु.
घातले. पाण्यात बुडून चालल्यासारखं वाटतं. नरसय्या लांबून हात जोडून हसत होता. दुपारी बघितलं तर त्याच्याही एका कानात बोळा. "एक कान मागाला, एक कान बाईला," म्हणाला.

२५ फेब्रु.
महा.नं सांगितलं.
पाहुणे म्हणाले होते, मुलगा गिरणीच्या एंजिनापाशी वाढलाय, ऐकायला कमी येतं. पुढं फसवलं म्हणू नका म्हणून आधीच सांगतो. तुम्हाला चालेल का?
आणि मी म्हणालो, चालेल की.
सौ. पेटली. "लेक बहिऱ्याला देणार तुमी?"
मी ओरडलो, "बहिरा म्हणजे काय माणूस न्हाय?" ती म्हणाली, "तुमच्याशी बोलून बोलून माझा घसा गेला. तिचाबी जाऊ दे काय?"
इतकी वर्षं मी समजत होतो, हिचा स्वभावच तापट.
जेवण गेलं नाही.

२७ फेब्रु.
बाईंना सगळं सांगितलं. आधी हसल्या, मग मुलालाही घेऊन या म्हणाल्या. होटगीला निरोप धाडला.

५ मार्च, रवि.
मल्लिनाथ एकटाच सायकलवर आला. बाईंनी आज मुद्दाम वेळ काढून कान तपासले. माझ्याइतकं बिघडलेलं नाही, गिरणीत बोळे घातले तर पुढचं टळेल म्हणाल्या.
मग महा. म्हणाली, मला त्यांच्याशी बोलायचंय. दोघं ओट्यावर बसले. चोरून बोलायची सोयच नाही. सगळी गल्ली दारात उभी.
ती म्हणाली, "मी बोलले आणि तुम्हाला ऐकू नाही आलं तर?"
तो म्हणाला, "परत विचारीन की. नुसतं व्हय म्हणनार न्हाय."
मी आत निघून आलो.
तो गेल्यावर सौ.नंच राग विसरून, तोंड गोड करायला गुळाचा खडा आणून महा.च्या पुढं धरला. तिनं घेतला नाही, दूर सारलाही नाही. मालकांनीही उद्या घडी खात्याचं उत्तर मागितलंय.
मी विचारलं, "मग, काय ठरवलंस?"
"तुमी काय ठरवलं?"
"आधी तू सांग."
"आधी तुमी."
आतून सौ.चा आवाज, हा मात्र स्पष्ट ऐकू आला: "कुणीतरी सांगा की! भाकरी गार होतेत."