साबणाच्या कडा आणि आईंचा अंगठा

प्रिय खारू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, हिचा फोन बिघडला की डोकं? दोन्ही शाबूत आहेत. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे माझं शाळेच्या पहिल्या बाकापासूनचं गाऱ्हाणं आहे. तेव्हा तू नुसती मैत्रीण होतीस. आता नणंद झालीस, म्हणजे तर बघायलाच नको. पत्राला मधेच तोडता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

तर माझ्या साबणांनी मला तोंडघशी पाडलं. बाळंतिणींच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाई दोन वर्षं माझेच साबण घेतात. मागच्या खेपेला त्यांनी एक वडी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "वास छान, फेस छान, पण ही कड बघा. नव्या आयांचे हात आधीच कापत असतात, त्यात साबण टोचतो. कडा नीट करून द्या, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." मी अशी ओशाळले म्हणून सांगू! खरं होतं गं. साच्यातून निघालेली लांबलचक लादी तारेने कापली की वडीच्या कडा सुरीसारख्या उभ्या राहतात, आणि वाळल्या की आणखी टणक होतात. आजवर मी ओल्या हाताने चोळून वेळ मारून नेत होते.

मग जेवणाच्या टेबलावर हत्यारांचं संमेलन भरलं. भाजीची सुरी, बटाट्याची सालं काढायचा पीलर, झालंच तर तुझ्या दादाने हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला सुतारकामाचा छोटा रंधा. रंध्याचा शोध आपणच लावल्यासारखा तो मिरवत होता. तीन वड्यांवर तीन हत्यारं चालवली आणि आम्ही नवरा-बायको चष्मे लावून, वाकून वाकून बघत बसलो. आम्हाला तिन्ही सारख्याच दिसत होत्या.

तेवढ्यात भिंतीकडच्या खुर्चीतून आवाज आला, "कडा बघायला डोळे कशाला लागतात? इकडे आणा."

आई बोलल्या, खारू! दुपारभर ज्यांच्या तोंडून "हो" आणि "नको" याशिवाय शब्द निघत नव्हता, त्या आपणहून बोलल्या. मी तिन्ही वड्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी अंगठा फिरवला, आणि तीस वर्षं टेलरिंगच्या दुकानात पोरींच्या हातून शिवण उसवून घेणाऱ्या आपल्या जुन्या आई परत आल्या. सुरीची वडी हातात घेऊन म्हणाल्या, "हिला कोणीतरी चावलंय." पीलरची वडी घेतली. "लाटा आहेत हिच्यावर. हात थांबत थांबत गेलाय." रंध्याच्या वडीवर जरा रेंगाळल्या. "ही बरी आहे, पण एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ. हत्यार चांगलं, पण धरणाऱ्याचा तोल गेला." तुझ्या दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग त्यांनीच निकाल दिला, "हत्यार हलवू नका. हत्यार एका जागी बसवा आणि साबण हलवा. मशीनवर आपण सुई फिरवतो का? कापडच सरकवतो ना?"

सुताराला बोलावलं. त्याने लाकडाचा वीतभर ठोकळा घेतला, मधोमध उतरती खाच पाडली आणि खाचेच्या तळाशी रंध्याचं पातं तिरकं बसवलं. वडीची कड खाचेत ठेवायची आणि एकदाच सरळ ढकलायची, की कागदासारखी पातळ साल निघते. पहिल्या ठोकळ्यात पातं फार वर आलं होतं, वडीचा कानच कापला गेला. आईंनी तो परत पाठवला. दुसरा फार खाली. तोही परत. तिसऱ्या वेळी सुतार वैतागून म्हणाला, "आजी, एवढा फरक माणसाला कळत नाही." आई म्हणाल्या, "मला कळला, म्हणजे मी माणूस नाही का?" तो हसत सुटला आणि पातं अर्धं सूत वर घेऊन दिलं. शिवाय खाचेच्या दोन्ही अंगांना बोटांसाठी लाकडाची आडही आईंनीच करून घेतली.

आता माझा अपराध सांगते. तो ठोकळा मी कपाटावर ठेवून दिला. डॉक्टर काय म्हणाले होते तुला माहीत आहे: आईंच्या नजरेचा मधला भाग गेला, आता कडेकडेचं तेवढं दिसेल. अशा माणसाच्या हाती पातं द्यायचं? उद्या बोट कापलं तर तुला काय तोंड दाखवू? आईंनी दोनदा विचारलं, दोनदा मी "सुताराकडे आहे" म्हणून थाप मारली. तिसऱ्यांदा त्या काही विचारायला आल्याच नाहीत. स्टूल सरकवल्याचा आवाज ऐकून मी धावत गेले, तर या कपाटापाशी स्टुलावर एक पाय ठेवून उभ्या! मी ओरडलेच. त्या शांतपणे खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "डोळे गेलेत, बोटं नाही गेली. आणि कापलं तर माझं कापेल. तुम्ही सगळे मिळून मला इतकं जपता, की जिवंत ठेवलंय की कपाटात ठेवलंय, तेच कळेना झालंय."

मी ठोकळा काढून दिला आणि शेजारी बसले. पहिल्या पाच वड्या मी श्वास रोखून बघितल्या. सहाव्या वडीला त्याच म्हणाल्या, "उठ आता. तुझं बघणं माझ्या हाताला टोचतंय."

आता ऐक, कामाचं वेळापत्रक कोण ठरवतं? मी नाही. वड्या कापून आठ दिवस झाले की आई एकेकीला अंगठ्याने दाबतात. "आज नको, चिकटेल." "परवा कर." "ही रांग आजच घे, उद्या टवके उडतील." साल बरोबर निघाली की सर्र आवाज येतो, अडखळली की त्या पातं पुसून घेतात. एके सकाळी भिंतीकडची खुर्ची त्यांनी स्वतः ओढत मागच्या खोलीत, साबणांपाशी नेली. दुपारी मी जेवायला हाक मारते तर म्हणतात, "एवढी ओळ संपू दे." दीड महिन्यात एकदाच बोट खरचटलं, ते माझं. आईंनीच पट्टी बांधली, आणि टोमणाही मारला.

मेट्रनबाई माल बघायला आल्या. डोळे मिटून एका वडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कोणी केलं हे?" मी आईंकडे बोट दाखवलं. मग दोघी तासभर गुडघेदुखीवर बोलल्या, माझ्या वासाचं आणि फेसाचं कोणाला काही पडलंच नव्हतं. जाताना त्या म्हणाल्या, "यापुढे माझे सगळे साबण याच हातचे हवेत." आई त्या संध्याकाळी गुणगुणत होत्या. किती वर्षांनी, ते मला आठवेना.

खारू, गेल्या खेपेला तू आमच्या स्वयंपाकघरात रडलीस. "आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते, तुमच्यापैकी कोणाला वेळ आहे?" म्हणालीस. मला फार लागलं, कारण ते खरं होतं. तू आईंना घेऊन जाते म्हणालीस तेव्हा मी वरवर वाईट वाटून घेतलं आणि आतून सुटल्यासारखं वाटलं. हे तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नसता. आई तेव्हा "तुम्ही ठरवाल ते" एवढंच म्हणाल्या होत्या. परवा मी त्यांची बॅग भरायला घेतली. कपडे ठेवले, औषधं ठेवली. त्या पलंगावर बसून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिने माझ्यासाठी खोलीला रंग दिलाय. न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीये. तिला नाही कसं म्हणू?" मी म्हटलं, तुमची लेक आहे, तुम्ही सांगा. तर म्हणाल्या, "लेक आहे म्हणूनच जमत नाही. तुझी मैत्रीण आहे, तू सांग."

म्हणून हे पत्र. पुढच्या आठवड्यात तू ये, नक्की ये, पण आईंना न्यायला नको, बघायला ये. हे दोन महिने तू तिष्ठत काढले आहेस, मला कळतंय; रंगवलेली खोली रिकामी राहणार नाही, साबण वाळत पडलेले असतात त्या दिवसांत आई तुझ्याकडे राहायला येतील, हे त्यांनीच ठरवलंय. पण परतीचं दुसरं, आईंचं तिकीट तेवढं रद्द कर. बॅग मी रिकामी केली आहे. आई मागच्या खोलीत आहेत, मी काय लिहिते आहे ते त्यांना ठाऊक आहे, आणि मघापासून सर्र आवाज थांबलाय. मी वाचून दाखवायची वाट बघताहेत.

तुझीच,
वहिनी