उंच गाडी

२२ ऑक्टो., पाडवा
गाडी आली. डबल केबिन पिकअप, काळी. शोरूमवाल्यांनी गळ्यात हार घातला, हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली दिली आणि फोटो काढला. फोटोत मी लग्नात मुलीला घेऊन उभ्या राहिलेल्या मामासारखा दिसतोय. चाकाखाली लिंबं. जुनी छोटी गाडी एक्सचेंजमध्ये तिथंच सोडली. निघताना तिच्याकडं वळून बघायचंही राहिलं.
घरी सु.नं भाकरतुकडा ओवाळून टाकला. एवीतेवी माझ्या कुठल्याच खरेदीवर न बोलणारी बायको, आज म्हणाली, "केवढी ही!" गेटातून आत येईना. आरसे मिटून पाहिले, मागं-पुढं करून झालं. शेवटी रस्त्यावरच लावली.
अण्णा दारात खुर्ची टाकून बघत होते. माझा बाप, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. म्हणाले, "हौदा बारका हाय की." म्हणजे आवडली, असं मी धरून चाललोय.

२३ ऑक्टो., भाऊबीज
लिहायला नको वाटतंय.
भाऊबीजेला अण्णा मैंदर्गीला जाणार, आत्याकडं, हे आमच्या घरात कधी विचारावं लागत नाही. मागच्या वर्षी झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली, त्यानंतर घराबाहेर पडणंच सोडलं त्यांनी. पण गेल्या भाऊबीजेलाही गेले होतेच. जुन्या गाडीत आधी बूड टेकायचे, मग उजवा पाय स्वतःच्या हातानं उचलून आत घ्यायचे. कुणी हात लावलेला चालायचा नाही.
आज पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर, आत्यासाठी इरकल साडी पिशवीत. मी ऐटीत दार उघडलं. सीट त्यांच्या पोटाच्या वर. डाव्या हातानं दांडी धरली, डावा पाय वर ठेवला. उजवा जमिनीवरच. दोनदा जोर केला. मी काखेत हात घातला तर म्हणाले, "हात काढ." समोरच्या गॅलरीत दोन-तीन जण दिवाळीच्या कपड्यात उभे होते. अण्णांनी काठी मागितली, वळले, आत गेले. टोपी तशीच डोक्यावर ठेवून संध्याकाळपर्यंत बसून होते.
'अण्णांना मोठ्या गाडीत पुढं बसवून नेणार' हे महिनाभर मीच सगळ्यांना सांगत होतो. इंजिन विचारलं, मायलेज विचारलं, हौदा टेपनं मोजला. सीट किती उंच ते नाही विचारलं.

२५ ऑक्टो.
चिंचोळीला आपल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला घेऊन गेलो. गाडीबद्दल लिहायचं तर: वरून सगळं छान दिसतं, जवळचं काहीच दिसत नाही. बॉनेटपुढं लहान मूल उभं असलं तर कळायचं नाही. रिकामी असली की मागून उड्या मारते. बाजारात लावली की दोन गाड्यांची जागा खाते आणि चार माणसांच्या शिव्या. एसी झकास. नाक्यावर एकानं काचेवर टकटक करून विचारलं, "मालक, कांदा नेता का?" एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी लोकांना भाड्याचीच वाटते.
आपल्याच पोरांकडून डाव्या बाजूला लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली. वरातीमागून घोडं.

२७ ऑक्टो.
पायरी उपयोगाची नाही. उजवा पाय तिच्यावर ठेवता येतो, पण त्याच्यावर भार पडला की गुडघा मोडतो. मग स्टूल लावलं. स्टूल हललं, अण्णा रस्त्यावर बसले. लागलं नाही. उठवायला शेजारचे धावत आले, तेच जास्त लागलं. सु. माझ्याकडं नुसती बघते. त्यापेक्षा भांडली तर बरं.

२९ ऑक्टो.
मल्लूचा फोन. आत्याचा थोरला. आत्यानं खाणं सोडल्यातच जमा आहे, डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. रोज विचारते, तम्मा आला का. अण्णा पंच्याहत्तरी ओलांडलेले, पण तिचा अजून तम्माच, धाकटा भाऊ. मल्लू म्हणाला, "मामांना म्हणावं तुळशीच्या लग्नापर्यंत ओवाळलं तरी चालतंय. पर या."
अण्णांना सांगितलं. सु. म्हणाली, भाड्यानं छोटी गाडी करू, तासा-दीड तासाचा रस्ता. अण्णा म्हणाले, "दारात गाडी हुबी आसताना भाड्याच्या गाडीनं भनीच्या दारात जाऊ?" हट्टच. पण मलाही आतून तेच हवं होतं, खोटं कशाला लिहू. नव्या गाडीनं जायचं होतं.

३१ ऑक्टो.
शोरूमला फोन केला, एक्सचेंजला दिलेली गाडी थोडे दिवस परत मिळते का. पलीकडची मुलगी हसली नाही हे तिचे उपकार. गाडी लातूरकडं कुणीतरी नेली म्हणे.
मल्लूचा परत फोन. आत्या आज फक्त पाणी प्याली.

१ नोव्हें.
आज बरा दिवस. तोड अण्णांनीच काढली. सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "गिरनीच्या वट्ट्याला लाव की गाडी. पोती कशी चढवत्यात?"
कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा ओटा, बाजूला पायऱ्या, पायऱ्यांना कठडा. कठडा धरून हळूहळू चढले, वर दम खाल्ला. मी गाडी ओट्याला चिकटवली. दार, सीट, ओटा एका पातळीत. आधी बूड, मग हातानं पाय. बसले! पिठानं पांढरा झालेला गिरणीवालाही हसला. आपलं आपण बसले हे महत्त्वाचं.
होटगी रोडनं एक चक्कर मारली. काच खाली करून कोपर बाहेर. मला शिकवणं चालू: ब्रेकवर पाय कशाला ठेवतोस, मागचा हॉर्न देतोय, साईड दे. वर्षभरात एवढं बोलले नव्हते. गाडीला म्हणाले, "बरी हाय. जरा मऊ हाय." मला लहानपणी बक्षीस मिळाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला. परत ओट्यालाच उतरवलं. उद्या मैंदर्गी.

२ नोव्हें., तुळशीचं लग्न
चढायचं बघितलं. तिथं उतरायचं कसं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एक फॅब्रिकेटर, एक ट्रक ड्रायव्हर.
अक्कलकोट ओलांडेपर्यंत अण्णा खुशीत. पिशवी मांडीवर. आत्याचं घर रस्त्यालाच, दाराला लागून दगडी कट्टा होता, लहानपणी त्यावरून उड्या मारल्यात. गटाराच्या कामात कट्टा फोडून टाकलाय. दारापुढं चर, त्यावर फळी. गाडी चरापलीकडं उभी केली. बाजाराचा दिवस निघाला, सगळा रस्ता माणसांनी भरलेला. अण्णांनी खाली बघितलं आणि दाराची मूठ धरून ठेवली.
मल्लू आणि दोन माणसं आली, मामा, उचलून घेतो म्हणाली. अण्णांनी मान हलवली. मल्लू म्हणाला, मग आईची बाज भाईर आणतो. अण्णा त्याच्यावर तडकलेच: "जित्या मानसाची बाज रस्त्यावर आनतूस व्हय?" मल्लूची बायको ताट घेऊन आली, आत्याच्या वतीनं मी ओवाळते म्हणाली. अण्णा म्हणाले, "न्हाय. अक्कानंच वोवाळायचं."
मधे चर आणि एक फळी. पलीकडं दार उघडं, आत बाजेवर आत्या, एवढीशी. आवाज मात्र आला. "तम्मा, वळगं बा." थोड्या वेळानं परत तेच. मला कानडी फारसं येत नाही, पण आत ये म्हणतेय एवढं कळतं. अण्णाही काचेतून कानडीत काहीतरी बोलले, तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. ती बोलावतच राहिली.
मी दार उघडायला गेलो. त्यांनी आतून मूठ सोडली नाही. मी ओढतोय, ते धरून आहेत, बाजारातले लोक बघतायत. राग आला मला, म्हाताऱ्याचा मनापासून राग आला. शेवटी मीच दार सोडलं.
मी आत जाऊन पाया पडलो. आत्यानं मला ओळखलं नाही. साडी तिच्या उशाशी ठेवली. परत आलो तर अण्णा समोरच्या काचेकडं बघत बसलेले. म्हणाले, "चल."

३ नोव्हें.
काल परतायला उशीर झाला. गिरणी बंद झाली होती, तरी ओटा होता. उतरले.
आज गाडी धुतली. कशाला धुतली माहीत नाही. वर्कशॉपला गेलो नाही.
सु. म्हणाली, "तुम्हीच जबरदस्तीनं उचलायला हवं होतं." असेल. पण ज्या माणसानं मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याला भरबाजारात पोत्यासारखा उचलायचा...

४ नोव्हें.
मल्लूचा फोन, आत्याचं बोलणं बंद. डोळे दाराकडं. अण्णांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, फक्त टीव्ही बंद करायला सांगितला.

५ नोव्हें., पौर्णिमा
सकाळी दाढी करताना अण्णांनी आरशातून हाक मारली. म्हणाले, "वर्कशापातली दोन पोरं संगं घे. तितं गेल्यावर उचला मला. बाजार आसू दे न्हायतर कायबी आसू दे."
पोरांना फोन केला, निघालीत. सु. डबा भरतेय. अण्णा टोपी घालून केव्हाचे दारात बसलेत.
मैंदर्गीहून सकाळपासून फोन नाही. मीही लावलेला नाही.