उशीशिवाय खुर्ची

मंगळवार, दिवेलागण

बसलो! पंचायतीच्या लाकडी खुर्चीवर, उशी न घेता, चांगला तासभर बसलो आणि काहीच दुखलं न्हाई. गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी मूळव्याधीचा बाहेरचा कोंब कापून काढला, त्याला आज महिना झाला. गावभर जिलेबी वाटावी वाटतंय.

सबंध निवडणूक मी उभ्यानंच काढली. टेकलं की जीव जायचा. गावाला वाटलं, माणूस लई नम्र हाय, कुणापुढं बसत न्हाई. त्याच्यावरच निवडून आलो का मी? असंल बी.

आज खुर्चीत टेकलो तर म्हातारे नामदेवबापू सगळ्यांदेखत म्हणाले, "सरपंच झाला अन् बसाया लागला व्हय?"

बायको म्हणते, पुन्हा उभ्यानंच बोलत जा. छट! उद्याच्या ग्रामसभेत सगळं खरं सांगणार. आणि बसूनच सांगणार.