म्हशीचा डोळा

३ फेब्रुवारी
नाहीच बदलणार! म्हशीला तोच डोळा राहील.

बाजारतळाची भिंत आम्ही बायका जुन्या फ्लेक्सच्या तुकड्यांनी भरतोय. परंड्यात फुकट मिळणारा तेवढाच रंग. कुणाच्या पांढऱ्या शर्टाचा बगळा, कुणाच्या फेट्याचा झेंडू. खैरुनबीचाचींनी गावपुढारी दिग्विजयभैय्याच्या काळ्या जाकिटाची म्हैस केली. डोळा मी लावला – भैय्याचाच! गॉगल नसलेला एकच फोटो सापडला होता. येणारी-जाणारी प्रत्येक बाई बघून हसते.

आणि माझा सख्खा मोठा भाऊ, रामकिसनदादा, येऊन म्हणतो, "भैय्याचा डोळा म्हशीला? माझी काय इज्जत ठिवलीस का न्हाय?"

इज्जत! भैय्याच्या प्रत्येक वाढदिवसाला फ्लेक्सच्या खालच्या ओळीत शुभेच्छुक म्हणून दात काढून उभा असतो, तेव्हा कुठं जाते ती?

५ फेब्रुवारी
दादानं डोळा काढून नेला. भर बाजारात, उलथन्यानं. आमच्याच घरातलं उलथनं! मी ओरडत होते, त्यानं मान वर केली नाही.

चाची म्हणाल्या, "जाने दे बेटी, अंधी भैंस भी दूध देती." मला नाही हसू आलं. कात्री धरल्यापासून गाव मला 'चिंध्या जोडणारी' म्हणतं. पहिल्यांदा कुणी भिंत दिली, आणि घाव घातला घरच्यानं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

६ फेब्रुवारी
बोलणार नाही. ताटही वाढणार नाही.

९ फेब्रुवारी
उट्टं काढलं. फ्लेक्सांच्या कोपऱ्यांतून कापलेले दादाचे फोटो मी जपून ठेवले होते. भिंतीवरच्या वडाला त्यांची पानं करायची होती. आज सगळे म्हशीच्या पायाखाली चिकटवले. तोंड भिंतीकडं, पाठ वर. पंक्चरवाल्याचं सोल्युशन, चांगलं थापून. त्यावर काळ्या तुकड्यांचा उकिरडा रचला. कुणाला दिसणार नाही तो. फार बरं वाटलं!

१४ फेब्रुवारी
भैय्याचा वाढदिवस. चौकात नवा फ्लेक्स – आणि खालच्या ओळीत दादा नाही! सगळी टाळकी आहेत, हाच नाही. बहीण आवरता येत नाही म्हणून भैय्यानं काढला असणार. भोग म्हणावं! घरी येऊन आईला मोठ्यानं सांगितलं, त्याला ऐकू जाईल असं. तो जेवत होता. तसाच भाकरी मोडत राहिला.

१५ फेब्रुवारी
दादा भिंतीपुढं उभा होता. एकेक तोंड निरखून बघत होता.

"मी कुठं हाय गं ह्यात?"

"नाहीस."

"बरं," म्हणाला आणि गेला.

१७ फेब्रुवारी
फ्लेक्स छापणारा सिद्धाराम भेटला. दादाचा फोटो भैय्यानं काढलाच नव्हता! म्हणाला, "रामकिसननं सोताच काढाया लावला. भैय्या पोरं पाठवणार हुता, सगळी भिंत खरवडाया. ह्यो म्हणला, डोळा मी आणून देतो, पर माझ्या बहिणीच्या भिंतीला हात लावायचा न्हाय. मग मला म्हणला, आता माझं थोबाड नको त्याच्या फ्लेक्सवर."

दुपारपासून उलथन्यानं उकिरडा उकलतेय. काळे तुकडे निघाले. सोल्युशन पक्कं बसलंय, दादा निघत नाही. एक कान तेवढा हाती आला.