डिगोरीचं तिकीट

मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१२ मार्च १८७४

प्रिय केझाया, तुला प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

माझी तब्येत ठीक आहे. खोकला थोडा आहे, पण तो इथे तांब्याच्या खाणीत सगळ्यांनाच असतो. आईचे गुडघे कसे आहेत?

आता डोळे पूस आणि ऐक. तुझा धाकटा भाऊ डिगोरी आपल्या मेथडिस्ट मंडळीचा सभासद झाला! ज्याला तू गुत्त्यातून कान धरून घरी आणायचीस, तोच!

सभासदत्वाचं तिकीट मिळण्याआधी तीन महिने तो परीक्षेवर होता. शेवटच्या आठवड्यात खाणीत हातोडी अंगठ्यावर बसली आणि तोंडातून शिवी निसटली. खाली अंधारात ऐकायला कुणी नव्हतं. तरी पठ्ठ्यानं मंडळीच्या आठवडी प्रार्थनावर्गात, सगळ्यांसमोर, आपणहून सांगितलं. त्या वर्गाचा पुढारी मीच. आता याचं तिकीट जातंय, असं मला वाटलं.

पाळकांनी त्याला विचारलं, "याच आयुष्यात प्रीतीत परिपूर्ण होशील, अशी आशा आहे का?"

"साहेब, मी अजून शिडीच्या तळाशीच आहे. पण तोंड वर केलंय."

पाळक हसले आणि त्यांनी तिकिटावर त्याचं नाव लिहिलं.

बाहेर येताच म्हणतो, "दाजी, हे ताईला पाठवा."

मी म्हटलं, "थांब रे. तीन महिने नीट वागून नवं मिळालं की हे जुनं पाठवू."

तेव्हापासून स्वारी हातोडी फार जपून मारते.

तुझा नवरा, आणि आता छाती फुगवून चालणारा त्याचा दाजी,
जेबेझ