मांडूच्या पोस्टकार्डाची मागची बाजू

बाबा, तुमच्या पत्र्याच्या पेटीतलं मांडूचं पोस्टकार्ड मी बाहेर काढलं. काढायला नको होतं. आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेत. उद्या आईला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं आहे, दारात मांडववाला बांबू टाकून गेलाय, आणि बुधवारपासून आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. काल दुपारी ती बोलली. ते तुम्हाला सांगायला बसले आहे, कारण ते ऐकायची पाळी खरं तर तुमची होती. तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वी गेलात आणि सुटलात.

सहस्रचंद्रदर्शन म्हणतात याला. आपल्यात कुणी करत नव्हतं. तुमच्या गावाकडे ऐंशी वर्षांच्या माणसाची खाट फार तर सकाळी उन्हात सरकवत, तोच सोहळा. पण भावाने कॉलनीत कुणाकडे तरी पाहिलं आणि डोक्यात घेतलं. मग फोनवर घरच्यांचा ग्रुप झाला आणि सगळ्यांनी जुने फोटो टाकायचे, त्यातले निवडक थर्माकोलच्या बोर्डावर लावायचे असं ठरलं. फोटो काढायचे म्हणून मी तुमची पेटी उघडली. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारा भाऊ, त्याचं जावळ, डोंगरगडच्या पायऱ्यांवर धापा टाकणारी आत्या, रामटेकला आपण सगळे, माझा दहावा वाढदिवस. आणि तळाशी ते कार्ड. दोन तलावांच्या मधे उभा जहाज महाल, वरच्या छत्र्या, पाण्यात पडलेली सावली. रंग थोडे उडालेत, पण महाल अजून ऐटीत आहे. मी त्याचा फोटो वाढदिवसाच्या आणि पोळ्याच्या फोटोंबरोबर ग्रुपवर टाकला. भावाने विचारलं, बाबा मांडूले कधी गेलते? मी नुसता हसरा चेहरा टाकला. मागची बाजू मी वाचली होती, बाबा, तुमच्या खात्याच्या पत्त्यासकट. एकदा बोर्डावर चिकटवलं की मागचं कोण बघतो, असं मला वाटलं. आणि आता सगळेच गेलेत, कुणाचं काय जातं, असंही वाटलं. माझ्या अकलेची कमाल.

बुधवारी भावाची मुलगी बोर्ड करायला बसली. आई पलंगावर, मी दाराशी. पोरीने गोंद लावायला कार्ड उलटं केलं आणि ओरडली, "आत्या, पीछे तो पूरी चिट्ठी है! मराठी में. आजी, मी वाचून दाखवू?" तिला वाटलं आजी खूश होईल, म्हणेल पाहा माझी हिंदी शाळेतली नात मराठी वाचते. मी उठेपर्यंत तिने सुरुवात केली होती. एकेक अक्षर जोडत, अर्थ न कळता ती वाचत गेली. "भाऊ, पोट्टीचा वाढदिवस सोडून तू दुर्गले मले भेटाले आला, लय बरं वाटलं. पण वहिनीले रिलीवर नाही आला असं सांगून आला, थे बरोबर नाही. मी इकडे मांडूले दगडाच्या कामावर लागलो. पडलेली भिंत पुन्हा उभी करून राहिलो आमी. हा महाल पाय, केवढा हाय." मग तिने मान वर केली. "आजी, ये रिलीवर क्या होता है?"

आईचा चेहरा हलला नाही. "आपल्या जागेवर जो येते थो," ती म्हणाली. "थो आल्याबिगर भट्टी सोडून घरी येता येत नाही." मग तिने कार्ड मागून घेतलं, चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या, उशाशी ठेवलं आणि मला विचारलं, "तुले माईत होतं का?" मी म्हटलं, नाही. एवढं पटकन म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं. "बरं," ती म्हणाली. "तुह्या भावाले सांग, मी काही पाटावर बसत नाही. मांडव नको म्हणा."

कार्ड लिहिणारा तुमचा धाकटा भाऊ, आमचा काका, आपल्या घरात मेलेलाच होता. नावसुद्धा निघत नसे. भावाच्या पोरीला असा कुणी होता हेच ठाऊक नाही. तो आपल्याकडे पोलाद कारखान्याच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायचा, तुम्ही त्याला ठेकेदाराकडे कामाला लावलं होतं, आणि आईने हौसेने आपल्या धाकट्या बहिणीशी त्याचं जमवलं. तुमसरला, आईच्या माहेरी, मांडव उभा राहिला, मावशीला हळद लागली आणि नवरदेव पळाला. कुठे, कशासाठी, ते मला आजही नीट कळलेलं नाही. मावशीचं लग्न पुढे झालंच नाही. आजोबांचं दुखणं काढता काढता तीही गेली. त्या दिवसानंतर आईने तुम्हाला सांगितलं होतं की त्याचं तोंड पाहिलं तर माझं मेलेलं तोंड पाहाल. आणि तुम्ही मला जवळ ओढून माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी सहा वर्षांची होते. तुमचा हात जड होता एवढंच आठवतं. चार वर्षांनी तुम्ही ती शपथ मोडली, तीही माझ्याच वाढदिवशी. मी अजून धडधाकट आहे, तेव्हा शपथेत फारसं काही नसतं म्हणायचं. पण राग आला हो, आजही येतो. हात ठेवायला दुसरं डोकं नव्हतं का?

आपल्याकडे वाढदिवस कधी तारखेला झाला? तुमच्या ऑफला झाला. ऑफ मंगळवारी आला तर आम्ही मंगळवारी जन्मलो. दहाव्या वर्षी मी हट्ट धरला की यंदा तारखेलाच. तुम्ही म्हणालात, ए शिफ्ट हाय, दोनले सुटतो, चारच्या आत घरी. मी गेटपर्यंत तीन चकरा मारल्या. अडीच वाजता तुमच्या खात्यातला एक जण सायकलवरून आला आणि फाटकातूनच ओरडला, "भाभीजी, रिलीवर नहीं आया, डबल करेंगे." आम्हा पोरांना ते वाक्य पाठ होतं, दिवाळीतसुद्धा यायचं, त्याच्यावर रुसता येत नसे. पोलादाची भट्टी एकटी सोडता येत नाही, हे आम्हाला बाराखडीच्या आधी कळलं होतं. तो फोटो आहे ना, केकमागे मी, शेजारी भाऊ, आणि आई कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतेय. मी इतकी वर्षं समजत होते की ती फाटकाकडे बघतेय.

मला कळलं ते काही महिन्यांनी. शाळेचे बूट घ्यायला म्हणून तुम्ही मला स्कूटरवरून दुर्गला नेलं आणि आधी स्टेशनवर. बाकावर तुमच्याच नाकाचा माणूस बसला होता, हातांवर दगडाची भुकटी लागून भेगा पडलेल्या. त्याने मला पेरू दिला. तुम्ही म्हणालात, हा तुहा काका, घरी बोलाचं नाही. तुम्ही दोघं फारसं बोलला नाहीत, नुसते शेजारी बसलात, त्याने तुमच्या बिडीला काडी लावली. गाडी आली, तो गेला. मग आपण बूट घेतले. असं तीनदा झालं. खरं सांगू का, मला मजा आली. भावाला नाही, आईला नाही, तुम्ही मला एकटीला सांगितलं याचा मला गर्व वाटायचा. आणि तो मेल्याचं पत्र खात्यात आलं तेव्हाही मी एकटीच ओळखलं. तुम्ही घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं, न जेवता अंगणात बसून राहिलात. भट्टीवरून आलेला माणूस रोजच अंघोळ करतो, त्यामुळे बाकी कुणाला सुतक दिसलं नाही.

बुधवारनंतर आईने काय केलं माहीत आहे? अल्बम मागितला. एकेक फोटो काढून, ज्यात तुम्ही नाही ते वेगळे ठेवायला लागली. भावाचं जावळ, तुम्ही नाही. दोन दिवाळ्या, तुम्ही नाही. भाऊ घाबरून मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाला, "ये क्या कर रही है आई? दीराचं एवढं काय, त्या गोष्टीला किती वर्षं झाली!" मी म्हटलं, थांब, निवळेल. पण तुम्ही खरंच कितीतरी डबल केलेत, बाबा, डोळे लाल करून आलात, बसल्या जागी झोपलात. आता तिला त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं तेच कळेनासं झालं होतं. आणि ते सांगू शकणारी या घरात मी एकटी. तीन वेळा मी बरोबर होते, एकदा वाढदिवस, बस, बाकी सगळं भट्टीचं होतं, एवढं म्हटलं की झालं असतं. पण मग बुधवारचं माझं "नाही" कुठे ठेवायचं?

काल दुपारी ती मेथी निवडत होती. मी समोर बसले. न विचारता बोलायला लागली.

"वरच्या आंटी त्या दिवशी पुऱ्या तळाले आल्या होत्या. तुह्या वाढदिवशी. मी त्यायले म्हटलं, भाईसाब आज गए नहीं क्या? इनका रिलीवर नहीं आया बोल रहे. तं थ्या म्हणे, मेरे वाले तो एक बजे ही निकल गए, भाभी, खाना आधा छोड़ के."

तुमचा रिलीवर आपल्याच ब्लॉकमध्ये, आपल्याच डोक्यावर राहत होता, बाबा. अकरा वर्षं तुम्ही एकमेकांच्या जागी उभे राहिलात. आणि त्याच्याच बायकोच्या हाती त्या दिवशी आपल्या घरातला झारा. फोटोत आई बघतेय ती फाटकाकडे नाही, तिच्याकडे. सायकलवरून खोटा निरोप धाडायची अक्कल तुम्हाला होती, ब्लॉकमधल्या बायका एकमेकींशी बोलतात एवढं मात्र डोक्यात आलं नाही.

"म्हंजे तुले तेव्हाच समजलं?"

"खोटं हाय हे समजलं. काहाचं खोटं, थे नाही समजलं." तिने एक काडी मोडली. "मले वाटलं कोणी बाई हाय. कॅम्पाच्या वस्तीत का सुपेल्याच्या, एवढंच ठरत नव्हतं. एकेचाळीस वर्षं, पोरी. थे गेले, त्यायचं सारं केलं, तेराव्याले मी दाराकडे पाहून राहिली होती, का थे बाई येईन आता रडत."

"मग विचारलं कावून नाही?"

"अन् त्यायनं हो म्हटलं असतं तं? दोन लेकरं घेऊन कुठं जाऊ? तुमसरले? तिथं माही बहीण पहिलेच बसून होती." ती मेथीकडे बघत बोलत होती, आवाज अगदी रोजचा. "भावाले भेटाले गेले हे माईत असतं तं भांडली असती मी. चार दिवस जेवली नसती. झालं असतं. एवढं तं झालं असतं."

आणि मग ती ते बोलली, ज्याच्यासाठी मी हे कागद काळे करतेय. "दुर्गले निघाले का मी तुले संगं पाठवत होती, आठवते? तुही वेणी घालून. पोट्टी संगं असली तं कुठं जाणार नाहीत म्हणून. तू आली का पुसत होती, कोण भेटलं? तू म्हणे, कोणीच नाही. मले मंग आठ दिवस झोप लागे. या घरात खरं बोलणारी तूच एक होती." तिने मेथीचा हात माझ्या गालाला लावला. हात गार होता. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. तिला वाटलं मला रडू येतंय, आणि येतही होतं.

ती उठली, कार्ड आणून माझ्या हातात दिलं. "लाव हे बोर्डावर. महाल चांगला हाय." मग म्हणाली की ती पाटावर बसेल, शेजारी तुमचा फोटो ठेवायचा, आणि सुनेच्या आधी, सगळ्यांच्या आधी, तिला मी ओवाळायचं.

मी कार्ड लावलं, बाबा. माझ्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी, चारी कोपऱ्यांना भरपूर गोंद लावून. हे पत्र कुठे टाकणार, तुमच्या खात्याचा पत्ता तर आता चालत नाही. तुमचं तिला समजलं, तुमचं ओझं उतरलं. उद्या मी तिला ओवाळीन. भाऊ कधी विचारेल, माझी मुलं कधी विचारतील, तर मी म्हणेन, या वयात तिला आणखी त्रास नको म्हणून मला ठाऊक होतं हे नाही सांगितलं. तुम्हाला खरं ते सांगते. त्रासाचं काही नाही, तिने याहून मोठं पचवलंय. मला तिच्या मनातून उतरायचं नाही, एवढंच.